सालगडी, ठोका आणि कूळ : एका वादपत्राचे वाचन

१

आजोबा गेल्यावर घरातल्या वाटण्या झाल्या, तेव्हा पुस्तकांबरोबर तांबड्या फडक्यात बांधलेला एक बस्ता माझ्याकडे आला. तो दुसऱ्या कुणाला नको होता. त्यात उदगीर तालुक्यातल्या आमच्या चार एकर दहा गुंठे जमिनीच्या दाव्याचे कागद होते : १९८४ साली दाखल केलेल्या वादपत्राची प्रत, प्रतिवादीची कैफियत, पाहणीपत्रकांच्या नकला, साक्षींच्या नकला आणि १९९६ ची तडजोड पुरसिस. मी नांदेडला आयुष्यभर मराठी शिकवली. कायदा शिकलो नाही. त्यामुळे हा बस्ता सोडला तेव्हा मी तो मला येते त्याच रीतीने वाचला, म्हणजे संहिता म्हणून. कोण बोलतो आहे, कुणाला उद्देशून बोलतो आहे, कोणता शब्द त्याने घेतला आणि कोणता टाळला, एवढेच प्रश्न मला विचारता येतात.

वादपत्राच्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा : प्रतिवादी हा वादीकडे सालगडी म्हणून कामास होता, त्याला सालाचे धान्य व रोख रक्कम मिळत असे, आणि १९८१ च्या पाडव्याला त्याचे साल संपल्यावरही त्याने जमिनीवरचा ताबा सोडला नाही. भाषा स्वच्छ आहे. वाचणाऱ्याला शंका यावी अशी एकही जागा नाही.

त्याच बस्त्यात तळाशी आजोबांची खिशात मावेल अशी एक वही होती. तिच्यात १९७८ च्या पाडव्याची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे. जमीन तीन सालांच्या ठोक्याने दिली, सालाला इतकी पोती ज्वारी ठरली. पुढे तिन्ही साली ज्वारी पोहोचल्याची नोंद आहे. चौथ्या सालीही आहे. ही वही न्यायालयात दाखल झाली नव्हती. तिच्यावर निशाणीचा क्रमांक नाही.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी थोडा खुलासा करतो. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधून घेतलेला शेतगडी. बियाणे मालकाचे, बैल मालकाचे, पीक मालकाचे. गड्याला ठरलेले साल मिळते. ठोका म्हणजे ठरावीक रकमेच्या किंवा धान्याच्या मोबदल्यात जमीनच कसायला देणे; पिकले-बुडले ते कसणाऱ्याचे. बटई या दोन्हींच्या मधली : पिकात ठरल्याप्रमाणे वाटा. हे तिन्ही व्यवहार एकाच दिवशी, गुढीपाडव्याला, बहुतेकदा चार माणसांसमोर आणि कागदाशिवाय ठरतात. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही ठिकाणी एकच दृश्य दिसते : एक माणूस दुसऱ्याच्या रानात औत हाकतो आहे. तो कोण, हे शब्दानेच कळते.

आमच्या घरात त्या माणसाला सालगडी म्हटलेले मी कधी ऐकले नव्हते. आजी त्याची ओळख ‘आपलं रान ठोक्यानं करणारे’ अशी द्यायची. मग वादपत्रात हा शब्द कुठून आला? या लेखाचा विषय एवढाच आहे. मात्र त्याचे उत्तर आमच्या घरापुरते राहत नाही, असे मला वाटते.

२

बस्त्यातल्या सर्वांत जुन्या कागदावर या जमिनीचा जिल्हा बीदर लिहिला आहे, नंतरच्या कागदांवर उस्मानाबाद आणि वादपत्रावर लातूर. जमीन जागची हलली नाही. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. नंतर ते मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. राज्य बदलले, जिल्हा दोनदा बदलला, दप्तराची भाषा उर्दूची मराठी झाली. कुळाचा कायदा मात्र हैदराबादचाच राहिला. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा मुंबईचा कायदा, विदर्भाला १९५८ चा वेगळा कायदा, आणि मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०.

त्याआधीही निजामाच्या राज्यात १३५४ फसलीचा, म्हणजे १९४४-४५ चा, असामी शिकमी कायदा होता. शिकमी म्हणजे पट्टेदाराच्या पोटातला, त्याच्या हाताखाली जमीन कसणारा. हा शब्दच पाहण्यासारखा आहे. फारसीत शिकम म्हणजे पोट. कसणारा माणूस सरकारी दप्तरात दुसऱ्याच्या पोटात राहत होता. १९५० च्या कायद्याने त्याला पोटातून बाहेर काढून नाव दिले. ठरावीक कालखंडात सलग सहा वर्षे जमीन कसणारा तो ‘संरक्षित कूळ’ झाला, आणि पुढे कलम ३८-ई ने अशा कुळांकडे मर्यादेत मालकी जाण्याची तरतूद झाली.

आमच्या दाव्यातला प्रतिवादी संरक्षित कूळ नव्हता. तो फार उशिरा आला होता. पण या कायद्याचे कलम ५ त्यालाही लागू होते. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाईल, असे ते कलम सांगते आणि लगेच अपवाद देते : मालकाच्या कुटुंबातला माणूस, ताबेगहाण घेणारा, आणि रोख किंवा धान्याच्या मजुरीवर ठेवलेला नोकर. म्हणजे धान्य ठोक्याचे म्हणून मालकाकडे गेले तर कसणारा कूळ, आणि धान्य मजुरीचे म्हणून मालकाकडून आले तर तो नोकर. पोती तीच, रस्ता तोच. बैलगाडीची दिशा तेवढी वेगळी.

ही दिशा ठरवते की दार कोणते ठोठवायचे. कुळाकडून जमीन परत घ्यायची तर तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो आणि कायद्याने मोजून दिलेली कारणे दाखवावी लागतात. मुदत संपली, हे एकटे कारण तिथे पुरत नाही. नोकर उठत नसेल तर मात्र मालक थेट दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो आणि साल संपले एवढेच सांगून ताबा मागू शकतो. ‘सालगडी’ हा शब्द आजोबांच्या दृष्टीने वर्णन नव्हताच. ती दाराची किल्ली होती.

हे आमच्याच घरात घडले असे नाही. अर्थतज्ज्ञ ए. एम. खुस्रो यांनी जुन्या हैदराबाद राज्यातल्या जहागिरी निर्मूलनाचा आणि जमीन सुधारणांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९५८ साली आले. १९५१ साली ज्यांना संरक्षित कुळाचा दर्जा मिळाला होता त्यांचे तीन-चार वर्षांत काय झाले, हे त्यांनी मोजले. शंभरातले सुमारे ४५ त्या दर्जावर टिकले होते, १२ जणांनी जमीन विकत घेतली होती, कायद्याच्या मार्गाने निघालेले ३ सुद्धा भरत नव्हते, २२ बेकायदा काढले गेले होते, आणि १७ जणांनी ‘स्वखुशीने’ जमीन सोडली होती.

या शेवटच्या आकड्यापाशी मराठीच्या शिक्षकाने थांबले पाहिजे. डोक्यावर संरक्षण असताना सहातला एक माणूस आपल्या खुशीने काळे रान सोडून गेला, हे कागदावरचे वाक्य आहे. ते खोटे आहे असे प्रत्येक प्रकरणात कुणाला म्हणता येणार नाही. पण कायदा करणाऱ्यांना त्या शब्दाचा संशय होता हे उघड आहे. कारण कुळाचा राजीनामा लेखी हवा, त्याने तो तहसीलदारासमोर कबूल करायला हवा आणि तो सद्‌भावनेने दिला आहे अशी तहसीलदाराची खात्री पटायला हवी, अशी अट कलम १९ मध्ये आहे. ‘स्वखुशी’ या एका शब्दाभोवती कायद्याला तीन कुंपणे घालावी लागली.

३

आता वादपत्राच्या घडणीकडे येतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या सहाव्या आदेशातला दुसरा नियम वादपत्र आणि कैफियत कशी लिहावी हे सांगतो : महत्त्वाची तथ्ये तेवढी सांगा, थोडक्यात सांगा आणि पुरावा त्यात आणू नका. कथा शिकवणाऱ्याला हा नियम ओळखीचा वाटेल. ही एका प्रकारच्या लेखनाची आचारसंहिता आहे. तिच्यामुळे वादपत्रात घटना उरतात आणि माणसांचे बोलणे गळते. १९७८ च्या पाडव्याला आजोबा काय म्हणाले, तो काय म्हणाला, कोण साक्षीला होते, चहा झाला की नाही, हे पुरावा म्हणून पुढे येईल, वादपत्रात नाही. तिथे फक्त निष्कर्ष येतो : ‘सालगडी म्हणून कामास होता.’ संवाद गाळला की एक शब्द संपूर्ण प्रसंगाच्या जागी बसतो, आणि तो शब्द लिहिणाऱ्याने निवडलेला असतो.

या नियमाची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मारिया मार्गारिदा या गोव्यातल्या घराच्या प्रकरणात मांडली. बहिणीच्या घरात राखण म्हणून राहिलेला भाऊ पुढे हक्क सांगू लागला, असा तो वाद. राखणदाराला किंवा नोकराला कितीही वर्षांच्या ताब्याने मालमत्तेत हक्क मिळत नाही, हे त्या निकालातले वाक्य वकिलांच्या तोंडी असते. माझ्या दृष्टीने त्याचा दुसरा भाग मोलाचा आहे. ताबा सांगणाऱ्याने तो कधी मिळाला, कुणाकडून मिळाला, कशाच्या बदल्यात मिळाला आणि पुढे कसा चालू राहिला, याचा तपशील द्यायला हवा. मोघम लिहून चालणार नाही, असे न्यायालय म्हणते. एका अर्थी न्यायालयाने पक्षकारांकडे नीट सांगितलेली गोष्ट मागितली. थोडक्यात लिहा आणि संपूर्ण लिहा, या दोन मागण्यांच्या मधल्या जागेत आमच्याकडची वादपत्रे उभी असतात.

आमच्या वादपत्रात एकच तपशील सढळ हाताने दिला आहे : चतुःसीमा. पूर्वेला कुणाचे रान, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला गाडीवाट, उत्तरेला बांध आणि बांधावरची बाभूळ. त्या चार ओळी वाचताना मला आजही रान दिसते. जमिनीचे वर्णन असे आणि माणसाचे वर्णन वय व धंदा या दोन शब्दांत. तिथे एक गंमत आहे. वादपत्रात प्रतिवादीचा धंदा ‘मजुरी’ लिहिला आहे. त्याच माणसाने दिलेल्या कैफियतीच्या शपथपत्रात त्याचा धंदा ‘शेती’ आहे. चौदा पानांचा वाद या दोन शब्दांत आधीच मांडून झाला आहे. बाकीची पाने त्यांचे भाष्य आहेत.

४

इथवर वाचून वाचकाला वाटेल की वादपत्र खोटे आणि कैफियत खरी. तसे नाही.

कैफियतीत प्रतिवादी म्हणतो की तो १९७१ पासून कूळ म्हणून जमीन कसतो. वहीतली नोंद १९७८ ची आहे आणि तिच्यावर शंका घ्यायला मला जागा दिसत नाही. ती लिहिली तेव्हा दाव्याचा विचारही नव्हता. १९७१ साली आजोबांनी नोकरीसाठी गाव सोडले होते आणि जमीन चुलत्यांकडे होती. ती सात वर्षे कैफियतीत मागाहून आली. शिवाय ‘कूळ’ हा शब्द. माझ्या लहानपणी आमच्या गावात कूळ म्हणजे घराण्याचे कूळ आणि कुळाचार. जमिनीच्या संदर्भात हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. तो तालुक्याच्या गावाहून, वकिलाच्या बैठकीतून आला. एका बाजूने ‘सालगडी’ आणला, दुसऱ्या बाजूने ‘कूळ’ आणला. गावात ज्या शब्दाने व्यवहार झाला तो ‘ठोका’ दोन्हीकडून गाळला गेला.

साक्षीच्या नकलेत एका ठिकाणी तो शब्द निसटून वर येतो. जमिनीत विहीर आहे. उलटतपासणीत प्रतिवादीच्या वकिलाने आजोबांना विहिरीबद्दल विचारले. ती १९७९ च्या उन्हाळ्यात खोल केली, हे त्यांनी मान्य केले. खर्च कुणी केला, या प्रश्नाला उत्तर नोंदले आहे : मला आठवत नाही. आजोबा गणिताचे शिक्षक होते. मुलांच्या फीचा पैसाही त्यांना आठवत असे. पुढचा प्रश्न होता, विहीर खोल करण्याचे काम सालगड्याच्या सालात धरतात का. उत्तर : ठोक्यात जसे ठरले तसे. ही ओळ नकलेत तशीच आहे. तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले की नाही हे नकलेवरून कळत नाही. पुढचा प्रश्न सातबाऱ्यावर गेला आहे.

सातबाऱ्यावर अर्थातच वहिवाट ‘खुद्द’ होती. आधीच्या सगळ्या सालांतही खुद्दच. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. कसणाऱ्याचे नाव तिथे लागू द्यायचे नाही, ही मराठवाड्यातल्या जमीन देणाऱ्यांची पहिली खबरदारी होती आणि आहे. कसणाराही पुष्कळदा ती मान्य करतो, कारण नाव लावायचा आग्रह धरला तर पुढच्या पाडव्याला रान मिळत नाही. कुळाला वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याची भीती इतकी खोल गेली, की त्या कायद्याने ज्याला नाव दिले तोच कागदावरून नाहीसा झाला. तो पुन्हा शिकमी झाला, दुसऱ्याच्या पोटात गेला.

दाव्याचे पुढे जे व्हायचे ते झाले. प्रतिवादी कूळ आहे का, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाला ठरवता येत नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम ९९-अ प्रमाणे तो तहसीलदाराकडे पाठवावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत दावा थांबतो. तहसीलदारानंतर अपील, अपिलानंतर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण. जो शब्द दार उघडायला घेतला होता त्यानेच दावा दोन दारांच्या मध्ये अडकवला. बारा वर्षे गेली. या काळात जमीन तोच कसत होता. पिकाचा हिशेब दोन्ही बाजूंनी आपापल्या कागदावर वेगवेगळा मांडला.

५

शेतजमीन सोडून शहराकडे पाहिले की हा गुंता जास्त स्पष्ट दिसतो. नांदेड आणि लातूर शहरांत मोकळे भूखंड, गोदामे, दुकानांच्या जागा लेखी करारावर दिल्या जातात. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. मुदत संपली की कलम १११ प्रमाणे पट्टा संपतो आणि भाडेकरूने ताबा द्यायचा असतो. तो दिला नाही आणि मालकाने त्यानंतरचे भाडे घेतले किंवा अन्य रीतीने संमती दाखवली, तर कलम ११६ प्रमाणे पट्टा पुढे चालू राहिला असे धरतात. शेतीच्या पट्ट्यांना मात्र, सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, कलम ११७ ने या प्रकरणातून वगळले आहे.

कलम ११६ हे मौनाच्या वाचनाचे कलम आहे. मुदतीनंतर मालक गप्प राहिला, भाडे घेत राहिला. या गप्प राहण्याचा अर्थ काय? मुंबईतून गेलेल्या काई खुश्रू कापडिया प्रकरणात फेडरल कोर्टाने १९४९ साली सांगितले की इथे दोन्ही बाजूंची संमती लागते; भाडेकरूने भाडे देणे हा प्रस्ताव आणि मालकाने ते पट्टा चालू असल्याच्या जाणिवेने घेणे हा स्वीकार. पुढे १९७१ साली भवानजी लखमशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात महत्त्वाची भर घातली. भाडे नियंत्रणाच्या कायद्यामुळे ज्याला भाडेकरूला उठवताच येत नाही, त्या मालकाने भाडे घेतले म्हणून त्याची संमती होती असे म्हणता येत नाही. निरुपाय हा होकार नव्हे.

हे वाचताना मला चौथ्या सालची ज्वारी आठवली. १९८१ च्या पाडव्याला मुदत संपली. त्याने रान सोडले नाही. पीक निघाल्यावर ठोक्याची पोती आणून ओट्यावर ठेवली, आणि आजोबांनी ती घेतली व वहीत लिहिली. हा होकार होता की निरुपाय? शहरातल्या जागेच्या मालकाला हा प्रश्न न्यायालयात विचारला गेला असता आणि त्याला बाजू मांडता आली असती. आजोबांना तो विचारला गेला नाही, कारण त्यांच्या वादपत्रात ठोका नव्हता आणि ठोका नव्हता म्हणून ती पोतीही नव्हती. शब्द लपवताना त्यांनी स्वतःचा सर्वांत खरा युक्तिवादही लपवला : तीन साल ठरले होते, तीन साल झाले, आता माझे रान मला द्या.

तो युक्तिवाद हलका नव्हता. आजोबा जमीनदार नव्हते. चार एकर दहा गुंठे आणि शिक्षकाचा पगार एवढेच त्यांच्याकडे होते, आणि १९८१ साली आत्याचे लग्न ठरत होते. रान विकायचे तर ते मोकळे हवे होते. दोन्ही बाजूंना चार एकरांचीच गरज असते तेव्हा कुणाला जुलमी ठरवायचे, याचे उत्तर जहागिरी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या कायद्यात सहज सापडत नाही.

६

मी साहित्याचा वाचक, म्हणून हा प्रश्न साहित्यालाही विचारतो. जमीन देणारा आणि घेणारा यांच्यातले नाते मराठीत कुणी लिहिले?

कोकणात ते लिहिले गेले, श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ खोतीच्या चार पिढ्यांचा पट मांडते. मराठवाड्याच्या ग्रामीण कथेने दुसरे मोठे काम केले. रा. रं. बोराडे लातूरजवळच्या काटगावचे. त्यांच्या ‘पाचोळा’ने शिंप्याच्या घराची पडझड त्या घरातल्या बाईच्या तोंडून सांगितली. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ने शेतकऱ्याचे बाजारातले हाल दाखवले. या लेखकांनी आम्हाला आमची बोली दिली, ती छापायची हिंमत दिली. पण त्या बोलीत ज्याच्याजवळ रान आहे तो बोलतो, ज्याला रान नाही तो मजूर बोलतो. या दोघांच्या मधला, पाडव्याला रान घेणारा आणि पाडव्याला ते सोडणारा किंवा न सोडणारा माणूस, माझ्या वाचनात कथेच्या मध्यभागी क्वचितच आला.

असे का झाले असावे? एक कारण मला बस्त्याने शिकवले. आमच्यापैकी लिहिणारे पुष्कळसे नोकरी लागून नांदेड-लातूर-औरंगाबादला आले आणि मागे राहिलेले रान कुणाला तरी ठोक्याने किंवा बटईने देऊन आले. शेतकऱ्याच्या दुःखावर लिहिताना आम्ही स्वतःला शेतकरी धरले. आमचे रान त्या दिवशी कोण कसत होते, हे आम्ही वादपत्राप्रमाणेच थोडक्यात आटोपले. सातबाऱ्यावर जसे ‘खुद्द’, तसे कथेतही खुद्द.

मराठवाड्यात न्यायालय आणि साहित्य यांच्यात येजा असलेली माणसे झाली. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर हे त्यातले सर्वांत ठळक नाव. पण न्यायालयातले कागद साहित्याच्या अभ्यासकाने उघडून वाचावेत, ही सवय आम्हाला लागली नाही. आपण दलित आत्मकथने वाचली, स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या, भारुडे छापली. तालुक्या-तालुक्यातल्या नकलांच्या गठ्ठ्यांत गावाने आपल्याच माणसांविरुद्ध शपथेवर सांगितलेल्या हजारो गोष्टी पडून आहेत. त्या खऱ्या आहेत असे नाही. त्या कुठे खोट्या आहेत, तिथेच त्या वाचण्याजोग्या आहेत.

७

हा सारा जुना मामला आहे असे कुणी म्हणेल. मी गेल्या खरिपात गावी गेलो होतो. आमच्या शिवारात सोयाबीन आहे, आणि त्यातली कितीतरी राने मालक कसत नाहीत. पूर्वी तलाठी पीकपाहणीला बांधावर येई, तेव्हा कोण कसतो ते निदान त्याला दिसे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. खातेदाराच्या नावावर मोबाइलमधून पिकाची नोंद होते. पुष्कळदा फोटो काढायला शेतात ठोक्यावालाच उभा असतो, आणि नोंद मालकाची होते. पीक विम्याच्या योजनेत कुळाला आणि बटईदाराला भाग घेता येतो, पण त्यासाठी कराराचा कागद लागतो, आणि कागद करायला मालक तयार नसतो. अतिवृष्टीचे अनुदान सातबारा पाहते. पीक वाहून जाते ठोक्यावाल्याचे आणि पैसे येतात खातेदाराच्या खात्यावर. त्यातले किती पुढे सरकतात हे पुन्हा तोंडी.

नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा एक नमुना कायदा सुचवला. मुदत संपली की जमीन मालकाकडे निर्वेधपणे परत जावी आणि मुदतीत कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळावी, असे त्याचे सूत्र आहे. त्याच्या गुणदोषांची चर्चा तज्ज्ञांनी करावी. मला त्यात एवढेच दिसते, की ‘ठोका’ हा शब्द कागदावर लिहिता यावा म्हणून केलेला तो प्रयत्न आहे. मालकाला परत मिळण्याची खात्री नसेल तर तो शब्द लिहिणार नाही, आणि शब्द लिहिला नाही तर कसणाऱ्याला काहीच मिळणार नाही. दोघांच्या भीतीचे मूळ एकच आहे.

आमचा दावा १९९६ साली तडजोडीने मिटला. पुरसिस दीड पानांची आहे. प्रतिवादीने ताबा द्यायचा, वादीने विहिरीच्या कामापोटी ठरलेली रक्कम द्यायची, मधल्या सालांच्या उत्पन्नाबद्दल कुणी कुणाकडे काही मागायचे नाही. मी ती दोन-तीनदा वाचली. तिच्यात सालगडी हा शब्द नाही. कूळ हा शब्द नाही. ठोकाही नाही. वादी आणि प्रतिवादी, एवढेच. बारा वर्षे ज्या शब्दावर भांडण चालले तो दोघांनी मिळून वगळला, आणि मग वाद मिटला. विहिरीचे पैसे मात्र दिले. म्हणजे खर्च कुणी केला होता ते आजोबांना आठवत होते.

तो माणूस आता नाही. त्याचा मुलगा उदगीरला असतो. वही सापडल्यावर मी त्याच्याकडे गेलो आणि १९७८ चे पान दाखवले. त्याने चष्मा लावून ते वाचले. मला वाटले होते तो चिडेल. तो म्हणाला, “बा शेवटपर्यंत म्हणायचे, गुरुजींनी मला गडी म्हणायला नव्हतं पायजे. रानाचं काय, ते तुमचंच हुतं.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “आमीबी सात साल जास्तीचे लिवले हुते.”

त्या पानाची एक झेरॉक्स त्याने मागून घेतली. मूळ वही मी परत बस्त्यात ठेवली आहे, तळाशी नाही, वादपत्राच्या वर.